आरोग्याचे सामाजिक निर्धारक

एखाद्या माणसाला काय झालंय हे डॉक्टर बघतात, पण एका वस्तीतली माणसं सारखी आजारी का पडतात आणि पलीकडच्या वस्तीतली का नाही, असं विचारायला लागलं की विषय लोकसमूहाच्या आरोग्याचा होतो. हा फरक ज्या गोष्टींमुळे पडतो, म्हणजे पाणी, मजुरी, घर, शाळा, जात, कामाचे तास, घरात बाईला किती विचारलं जातं, त्या सगळ्यांना आरोग्याचे सामाजिक निर्धारक म्हणतात. शब्द जड आहे, साधा अर्थ तब्येत ठरवणाऱ्या गोष्टी. दवाखाना पण त्यातच येतो, पण तिथे आपण पोचतो ते बहुतेकदा आजार झाल्यावर.

आधी मोजमाप. गावात यंदा दोन बाळं गेली एवढ्यावरून काहीच कळत नाही, जन्माला किती आली ते पण लागतं, म्हणून सगळं दरात मोजतात. अर्भक मृत्यूदर म्हणजे जिवंत जन्मलेल्या १,००० बाळांमागे वर्षाच्या आत किती दगावली. सरकारच्या नमुना नोंदणीत २०२० साली हा आकडा देशाचा २८, महाराष्ट्राचा १६ आणि केरळचा ६ होता. नवीन रुग्ण किती झाले आणि आत्ता एकूण रुग्ण किती आहेत ह्या पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक गल्लत करतात. डायबेटिसवर चांगले उपचार मिळाले की माणसं जास्त जगतात, म्हणून एकूण रुग्णांचा आकडा वाढतो आणि ती वाईट बातमी नसते. सरासरीवर तर कधीच पूर्ण विसंबू नये, राज्याच्या १६ मध्ये पुण्यातला फ्लॅटही आहे आणि मेळघाटातला पाडाही आहे.

ही कल्पना तशी नवीन नाही. लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात जॉन स्नोने मृत्यू नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला, तेव्हा जंतू कोणता ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. १९७४ मध्ये कॅनडाचे आरोग्यमंत्री मार्क लालोंद यांच्या अहवालाने तब्येत ठरवणाऱ्या गोष्टींचे शरीर, परिसर, जीवनशैली आणि आरोग्यसेवा असे चार भाग पाडले. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९६७ पासूनचा ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास. सगळे पगारदार, उपाशी कुणी नाही, तरी सगळ्यात खालच्या पदावरच्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या साहेबांच्या तिप्पट आसपास निघाले, आणि सिगारेट, बीपी वगैरे धरूनही सगळा फरक उलगडला नाही. म्हणजे हा नुसता गरीब-श्रीमंत असा खड्डा नाही, हा जिना आहे, प्रत्येक पायरीवर तब्येत थोडी बदलते.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर बीडच्या ऊसतोड बायकांकडे बघावं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, दिवाळीच्या आधीच उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो आणि ती फेडायला चार-पाच महिने उसाच्या फडावर राहायचं, पाचटाच्या कोपीत, पहाटे अंधारात उठून तोडायला लागायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. संडास नाही, न्हाणी नाही, पाण्याची बोंब. पाळीच्या दिवसात कपडा बदलायला आडोसा नाही, अंगावरून जातं, पोट दुखतं, पण एक दिवस बसलं तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो आणि उचल अंगावर वाढते, मग कुठल्यातरी खाजगी दवाखान्यात सांगतात की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बाई काढून घेते, ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतूनच. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी पाहणी झाली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींत एक, आणि देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. कोयता जोडीचा लागतो म्हणून पोरीचं लग्न लवकर, शाळा सुटते, पहिलं बाळंतपण लहान वयात, असं सगळं एकात एक अडकलेलं आहे. आता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगीत हे ऑपरेशन करता येत नाही, ते बरंच झालं, पण उचल आणि खाडा परवानगीच्या कागदात येत नाही.

उलटं उदाहरण जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० ला तिथे गेले, आणि दुष्काळात लोक औषधाआधी पाणी आणि धान्य मागत होते, म्हणून त्यांनी आधी तेच बघितलं. हातपंप दलित वस्तीत बसले आणि बाकीच्या गावाला पाण्यासाठी तिकडे यावं लागलं, ही मला कुठल्याही लसीइतकी मोठी गोष्ट वाटते. अक्षरओळख नसलेल्या, बऱ्याचशा दलित समाजातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या भागात सुरुवातीला अर्भक मृत्यूदर १७६ होता, पुढच्या वीसेक वर्षांत तो ३० च्या खाली आला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, श्वास मोजायचा, गुंडाळून ऊब द्यायची, जंतुसंसर्ग वाटला तर इंजेक्शन. महिन्याच्या आतल्या बाळांचा मृत्यूदर तीन-चार वर्षांत ६२ वरून २५ वर आला, आणि २०११ पासून याच धर्तीवर घरी जाऊन बाळ बघायचं काम देशभर आशाताईंकडे आलं. बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीपण. पण बाळंतीण जर कोयत्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर असेल तर गावच्या आशाला घराला कुलूप दिसतं आणि फडाजवळच्या आशाच्या रजिस्टरात तिचं नावच नसतं.