तांदळाची युद्धकालीन निर्यातबंदी आणि प्रांतबंदी

दुसऱ्या महायुद्धात (1939–45) ब्रिटिश हिंदुस्थानात तांदळाची निर्यात, प्रांताप्रांतांतली ने-आण आणि विक्री यांवर सरकारने घातलेल्या निर्बंधांची व्यवस्था. लोक तिला नुसते ‘कंट्रोल’ म्हणत. रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोलचे दुकान’ म्हणण्याची सवय युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षे टिकली. निर्यातबंदी म्हटले की देशाची सरहद्द डोळ्यांपुढे येते. इथे मात्र पोटावर पाय आला तो मुख्यतः देशातल्या देशात उभ्या राहिलेल्या सरहद्दींमुळे.

युद्धापूर्वी ब्रह्मदेश हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ-निर्यातदार होता. वर्षाला सुमारे 30 लाख टन तांदूळ रंगून आणि इतर बंदरांतून बाहेर पडे आणि त्यातला निम्म्याच्या आसपास हिंदुस्थानात येई. देशाच्या एकूण खपात हा वाटा लहानच होता. पण तो सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता: मुंबई शहर, कोकणपट्टी, मलबार, त्रावणकोर-कोचीन आणि शेजारचे सिलोन (आजचे श्रीलंका) यांची चूलच या तांदळावर पेटत असे. मार्च 1942 मध्ये जपानने रंगून घेतले आणि ही वाट एका हंगामात बंद झाली. सयाम (आजचे थायलंड) आणि हिंदी-चीन (आजचे व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस) हे दुसरे दोन मोठे निर्यातदारही जपानच्याच कह्यात होते. गंमत म्हणण्यासारखी नाही, पण त्याच काळात ब्रह्मदेशात गिऱ्हाईक नाही म्हणून भाताची लागवड घटत घटत निम्म्यावर आली.

निर्बंधांना कायद्याचा आधार भारत संरक्षण नियमांचा होता. किमती बांधण्याचे अधिकार केंद्राने युद्धाच्या आरंभीच प्रांतांकडे सोपवले होते आणि पुढच्या घोळाचे बीज त्यातच आहे. रंगून पडताच जो तो प्रांत आपापल्या कोठाराला कुलूप लावू लागला. पंजाबने गहू अडवला. बिहार, ओरिसा आणि आसामने तांदूळ. बंगालनेही 1942 च्या उन्हाळ्यात परमिटावाचून तांदूळ बाहेर जाऊ द्यायचा नाही असे ठरवले. प्रत्येकाचा निर्णय आपल्या जागी शहाणपणाचाच होता. सगळे एकत्र आल्यावर मात्र नेहमीचा व्यापार मोडला आणि त्याच्या जागी काहीच उभे राहिले नाही. केंद्रात स्वतंत्र अन्न खाते निघाले तेच डिसेंबर 1942 मध्ये.

बंगालमध्ये याला लष्करी भर पडली. जपानी फौज किनाऱ्यावर उतरलीच तर तिच्या हाती दाणा आणि वाहन लागू नये, म्हणून मिदनापूर, बाकरगंज, खुलना अशा किनारी जिल्ह्यांतला ‘जादा’ तांदूळ खरेदी करून हलवण्यात आला. तो फार नव्हता, सुमारे 40 हजार टन. पण सरकारच घाईने धान्य उचलते आहे म्हटल्यावर बाजाराने काय समजायचे ते समजून घेतले. त्याहून भारी पडला नावांचा, म्हणजे होड्यांचा, हुकूम. दहापेक्षा अधिक माणसे नेऊ शकणारी नाव एक तर सरकारजमा करायची, नाही तर मोडायची. त्या त्रिभुज प्रदेशात रस्ते नावालाच; पाणी हाच रस्ता. नाव गेली तसा कोळी खोल पाण्यात जाईना, कुंभाराला माती मिळेना, नदीतल्या बेटावर ज्याचे शेत त्याला पेरायला जाता येईना. आणि एका गावातले भात दुसऱ्या गावच्या हाटापर्यंत पोहोचेना. कोणत्याही नकाशावर नसलेली ही एक सरहद्दच होती.

ऑक्टोबर 1942 मधले मिदनापूरचे वादळ, भातावरचा रोग आणि डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर पडलेले बाँब यांनी उरलेसुरले केले. मार्च 1943 मध्ये कलकत्त्यातले भावनियंत्रण उठवले. महिन्याच्या सुरुवातीला 15 रुपये मण असलेला जाडा तांदूळ मेच्या मध्यात 30 च्या वर गेला. मग मे महिन्यात सरकारने उलट टोक गाठले: पूर्वेकडच्या प्रांतांमधली बंदी उठवून खुला व्यापार जाहीर केला. कलकत्त्याचे खरेदीदार बिहार-ओरिसात घुसले, तिथले भाव कडाडले आणि उन्हाळा संपता संपता ती मोकळीकही मागे घ्यावी लागली. यातून ओढवलेल्या 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाने 15 लाख मृत्यू धरले. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज 30 लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी धान्याच्या एकूण तुटीपेक्षा ते विकत घेण्याची ऐपत बुडणे हे कारण पुढे मांडले. प्रांतबंदीचा दोष त्यामुळे कमी होत नाही, कारण भाव चढवणाऱ्या गोष्टींत ती अग्रभागी होती.

देशाबाहेरची निर्यात या काळात थांबली होती असेही नाही. सिलोनला तांदूळ जात राहिला. मलाया पडल्यावर दोस्त राष्ट्रांना रबर पुरवणारा तोच मोठा मुलूख उरला होता आणि तिथले मळे तमिळ मजुरांवर चालत. सरकारने अन्नधान्य धोरणासाठी नेमलेल्या ग्रेगरी समितीने 1943 मध्ये अन्नधान्याची निर्यात थांबवा, आयात करा आणि लाखाच्या वर वस्तीच्या शहरांत रेशन लावा अशा शिफारशी केल्या, तेव्हा कुठे निर्यातीचे दार लागले.

मुंबई याबाबत आधी जागी झाली. 2 मे 1943 पासून शहरात रेशनिंग सुरू झाले. माणशी ठरलेले धान्य, नेमून दिलेले दुकान, कार्डावर खूण. भात खाणाऱ्या कोकणी माणसाच्या पिशवीत गहू आणि ज्वारी पडू लागली. आज महाराष्ट्रात असलेला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. त्यामुळे तिथले ‘धान’ (कोकणात ज्याला भात म्हणतात) मुंबईला यायचे म्हणजे प्रांताची हद्द ओलांडणे आले. केंद्राने कोणत्या प्रांताने कोणाला किती द्यायचे हे ठरवून दिल्यावर असा माल व्यापाऱ्याच्या हिशेबाऐवजी सरकारी वाटपाने फिरू लागला.

युद्ध संपले तरी तांदळाची ने-आण मोकळी झाली नाही. 1 जानेवारी 1946 च्या तहाने ब्रिटनने सयामकडून 15 लाख टन तांदूळ फुकट मागितला. फुकट द्यायचा तांदूळ कोण बाहेर काढतो? तो मलायाच्या हद्दीवरून चोरवाटेने चढ्या भावाला जाऊ लागला आणि अखेर ब्रिटनला दाम मोजून खरेदी करण्यावर यावे लागले. हिंदुस्थानात युद्धकाळचे अधिकार 1946 च्या तात्पुरत्या कायद्यात आणि तिथून 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात उतरले. साठच्या दशकातली झोनबंदी (राज्यांचे गट पाडून गटाबाहेर धान्य नेण्यावर घातलेली बंदी), एस.टी.च्या टपावरची पोती उतरवून घेणारे नाके आणि जुलै 2023 मध्ये बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळावर आलेली निर्यातबंदी ही सगळी त्याच वळणाची.