साउथ फोर्क धरण

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील मातीचे जुने धरण. जॉन्सटाउन शहराच्या वरच्या अंगाला, सुमारे २३ किमी. अंतरावर ते होते. ३१ मे १८८९ रोजी ते फुटून २,२०० हून अधिक माणसे दगावली.

राज्य सरकारने १८३८ मध्ये सुरू केलेले हे काम रखडत १८५३ मध्ये पुरे झाले. जॉन्सटाउनच्या मालवाहू कालव्याला कोरड्या दिवसांत पाणी पुरवणे, एवढाच हेतू होता. धरणाची उंची ७२ फूट, लांबी ९३१ फूट. पाणी सोडायला तळाशी ओतीव लोखंडाचे नळ होते. पण तोवर रेल्वे आली आणि कालव्याची गरजच सरली. १८६२ मध्ये भरावाला भगदाड पडले. नुकसान थोडक्यात निभावले. नंतरच्या एका मालकाने तळाचे नळ उपसून भंगारात विकले. पुढच्या अनर्थाचे मूळ इथेच आहे.

१८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांसाठी निघालेल्या ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ने धरण घेतले. पोलाद उद्योगातले बडे उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे त्याचे सभासद. भगदाड माती, दगड, फांद्या व गवत टाकून बुजवले. नळ मात्र पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्यांना रस्ता रुंद मिळावा म्हणून माथा छाटला. सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेत, जाळ्या लावल्या. काठावर ४७ खोल्यांचे क्लबगृह व बंगले उठले, पाण्यावर शिडाच्या होड्या फिरू लागल्या. खाली जॉन्सटाउनमधल्या कँब्रिया लोखंड कारखान्याने १८८० मध्येच आपला अभियंता पाठवून पाहणी करवली होती. भराव गळतो आणि जलाशय रिकामा करायला वाटच नाही, हे त्याने स्पष्ट लिहिले. क्लबने ते मनावर घेतले नाही.

मातीचे धरण दाब पेलते, पण माथ्यावरून वाहणारे पाणी भराव पोखरत नेते. मुसळधार पावसाच्या रात्रीनंतर नेमके हेच घडले. जाळ्यांत काटक्या अडकून सांडवा तुंबला; मजुरांनी दुसरा चर खणायला घेतला, तर खाली खडक लागला. दुपारी तीनच्या सुमारास भराव गेला, आणि सुमारे १.४५ कोटी घनमीटर पाणी तासाभरात जॉन्सटाउनवर आदळले. वाहून आलेली घरे, रेल्वेच्या वाघिणी, झाडे दगडी रेल्वेपुलाशी अडकली आणि त्या ढिगाला आग लागली. पुरातून वाचलेले कित्येक तिथे जळाले.

क्लबकडून भरपाई मागणाऱ्यांना न्यायालयात काहीच मिळाले नाही. १९६४ पासून ही जागा राष्ट्रीय स्मारक आहे. भरावाची दोन टोके अजून उभी आहेत. मधल्या खिंडारातून नदी वाहते आणि तळ्याच्या जुन्या तळावरून आगगाडी जाते.