यलो फिव्हरचं प्रमाणपत्र: लस एकदाच, पण कागद अडतो कुठे?

"केनियात जायला यलो फिव्हरची लस लागत नाही, एजंटने स्पष्ट सांगितलंय." असं म्हणून निघालेली मंडळी परतीच्या वेळी मुंबई विमानतळावर अडकतात. एजंट खोटं बोललेला नसतो. भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनिया लस घेतल्याचं हे प्रमाणपत्र मागत नाही, कारण भारतात हा आजार नाही. अडचण परतीच्या वाटेवर आहे. केनियाहून भारतात येणाऱ्याकडे भारत सरकार प्रमाणपत्र मागतं आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतं. पासपोर्ट भारतीय आहे, घर विमानतळापासून दहा मिनिटांवर आहे, उद्या घरात लग्न आहे, यातलं काहीही तिथे चालत नाही.

बाकी काही वाचलं नाही तरी एवढं पक्कं धरा: तुम्ही जाताय तो देश काय मागतो, हा अर्धाच प्रश्न आहे. परत येताना भारत काय मागतो, हा उरलेला अर्धा, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं.

नियम इतका कडक का, हे समजलं तर चिडचिड थोडी कमी होईल. यलो फिव्हरचा विषाणू ज्या एडिस डासामार्फत पसरतो, तोच डास आपल्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो. म्हणजे डास आहे, दाट वस्ती आहे आणि लस न घेतलेली कोट्यवधी माणसं आहेत. फक्त विषाणू आजवर इथे आलेला नाही. तो विमानातून येऊ शकतो. 2016 मध्ये अंगोलात मोठी साथ असताना तिथून चीनला परतलेल्या 11 कामगारांना हा आजार झाल्याचं निष्पन्न झालं आणि आशियातले सगळे आरोग्य अधिकारी हादरले. डास चावल्यानंतर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. विलगीकरणाचे सहा दिवस त्यावरूनच ठरलेत. या आजारावर नेमकं औषध नाही, पण लस उत्तम आहे. शास्त्रज्ञ मॅक्स थायलर यांनी 1930 च्या दशकात तयार केलेला 17डी हा विषाणूचा दुबळा केलेला प्रकार आजही वापरात आहे आणि त्या कामासाठी त्यांना 1951 चं नोबेल मिळालं.

कोणाला लागतं

आफ्रिकेच्या मधल्या पट्ट्यातले बरेच देश (केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, काँगो, अंगोला) आणि दक्षिण अमेरिकेतले ब्राझील, पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया यांसारखे देश भारत सरकारच्या यलो फिव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. यादी बदलते. एखाद्या देशात रुग्ण सापडल्याची बातमी आली की भारत तो देश यादीत धरतो, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ताजी यादी पाहा. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. युगांडा आणि घानासारखे देश तर कुठूनही येणाऱ्या प्रवाशाकडे प्रवेश करतानाच प्रमाणपत्र मागतात.

यादीतल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात पोहोचत असाल, तर नियम लागू होतो. केनियातल्या नैरोबीहून निघून आठ-दहा दिवस दुबईत मुलाकडे राहून परत आलात, तर लागू होत नाही. मात्र त्या वेळी दुबईतल्या प्रवेशाची नोंद किंवा बोर्डिंग पास हाताशी ठेवा. अधिकाऱ्यासमोर तोंडी हिशेब मांडून उपयोग नसतो.

आता विमान बदलण्याचा भाग, जो सगळ्यात जास्त लोकांना गोत्यात आणतो. दक्षिण आफ्रिकेत हा आजार नाही. पण मुंबईहून जोहान्सबर्गला जाताना स्वस्त तिकीट अनेकदा इथिओपियातल्या अदिस अबाबा किंवा केनियातल्या नैरोबीमार्गे असतं, आणि हे दोन्ही देश यादीत आहेत. अशा देशाच्या विमानतळावर 12 तासांहून जास्त थांबलात, तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. परतताना भारताचा नियम असा: पूर्ण वेळ विमानतळाच्या आवारातच राहिला असाल आणि आरोग्य अधिकाऱ्याला ते पटलं, तर सूट मिळू शकते. यातला "पटलं" हा शब्द नीट वाचा, कारण ही सूट हक्काची नाही. आणि विमान कंपनीने रात्रीपुरतं शहरातलं हॉटेल फुकट दिलं म्हणून तुम्ही बाहेर पडलात, तर सूट गेलीच. दोन-तीन हजार रुपये वाचवायला असा मार्ग निवडणार असाल, तर आधी लस घ्या.

जहाजावर काम करणाऱ्यांचं वेगळं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी बोटीवर असतो, आणि जहाज कुठल्या बंदराला लागेल हे त्याच्या हातात नसतं. यादीतल्या बंदराला गेल्या 30 दिवसांत लागून आलेलं जहाज असेल आणि त्यावर ठरल्याप्रमाणे डासनाशक फवारणी झाली नसेल, तर प्रमाणपत्राशिवाय उतरणाऱ्या खलाशालाही विलगीकरण लागू शकतं. त्यामुळे करार हातात पडण्याआधीच ही लस घेऊन ठेवावी. आता ती आयुष्यभर चालते, त्यामुळे लवकर घेतल्याने काही वाया जात नाही.

दहा दिवस मोजायचे कसे

प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं. 1 तारखेला लस घेतली, तर 11 तारखेपासून. लस टोचताक्षणी संरक्षण सुरू होत नाही. बहुतेकांच्या शरीरात ते दहाव्या दिवसापर्यंत तयार होतं, म्हणून ही अट आहे. ओळखीने, विनंतीने, फी जास्त भरून हे दहा दिवस कमी होत नाहीत, आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने मागची तारीख टाकून द्यावी असा आग्रह कृपा करून धरू नका. लसीच्या बॅचवरून ते उघडं पडतं आणि परक्या देशातल्या काउंटरवर त्याची किंमत तुम्हीच मोजता.

प्रत्यक्षात दहा दिवस पुरत नाहीत, ही खरी गोष्ट. लसीच्या एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपीतली लस एकदा विरघळवली की सहा तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकून द्यावी लागते. म्हणून बरीच केंद्रं रोज लस देत नाहीत. आठवड्यातले ठरावीक दिवस, ठरावीक वेळ आणि मर्यादित माणसं असा प्रकार असतो. कधी साठाच संपलेला असतो. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण वार बदलल्याची सूचना संकेतस्थळावर टाकायला आणि फोन उचलायला काय हरकत आहे, हे मात्र समजत नाही. साताऱ्याहून, लातूरहून रात्रीची गाडी पकडून आलेली माणसं फाटकावरची चिठ्ठी वाचून परत जातात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून प्रवासाच्या किमान सहा आठवडे आधी कामाला लागा.

लहान मुलांसाठी तर सहा आठवडे हवेतच. यलो फिव्हर ही जिवंत विषाणूची लस आहे. गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस एकतर त्याच दिवशी द्यावी लागते, नाहीतर मध्ये चार आठवडे जावे लागतात. मुलाला गेल्याच आठवड्यात शाळेत गोवर-रुबेलाची लस मिळाली असेल, तर केंद्रावरून परत पाठवतील आणि ते बरोबरच आहे.

केंद्र आणि कागद

लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायची. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटना, पुण्यात महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, गोव्यात मुरगाव बंदर आरोग्य संघटना ही माहितीतली ठिकाणं. कुठे ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, तर कुठे सकाळी रांगेत नंबर लावावा लागतो. मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स, काही ठिकाणी तिकीट किंवा व्हिसाची प्रत, आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. आधार कार्डावर काम होत नाही, आणि पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असताना जाऊन उपयोग नाही.

नावाचा घोळ इथेच सुरू होतो. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि अर्ज भरताना सवयीने तिसरंच काहीतरी लिहिलं जातं. अर्जात नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगने लिहायचं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टच्या नावात असेल तरच घालायचं.

पिवळं कार्ड, म्हणजे हेच प्रमाणपत्र, हातात पडलं की खुर्चीवरून उठण्याआधी ते वाचा. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत त्याचा नमुना ठरलेला आहे, आणि एखादी जागा रिकामी राहिली किंवा खाडाखोड झाली तर ते अवैध धरलं जाऊ शकतं. कार्ड इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये भरलेलं हवं. तारखेत महिना अक्षरांत हवा, आकड्यात नको. लसीचा उत्पादक, बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का आणि डॉक्टरची हाताने केलेली सही हवी. सहीच्या जागी नुसता शिक्का चालत नाही. आणि तुमची स्वतःची सही, जी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते! लहान मुलासाठी आई किंवा वडील सही करतात. सही येत नसलेल्या आजी-आजोबांनी अंगठा उठवायचा आणि तो त्यांचाच असल्याचं दुसऱ्याने लिहून द्यायचं. चूक दिसली तर नवं कार्ड मागा, त्याच कार्डावर पेनाने दुरुस्ती करून घेऊ नका. पाठीमागे रांग आहे म्हणून संकोच करू नका, कारण विमानतळावर तुमच्या बाजूने बोलायला कोणी नसतं.

ज्यांना लस देता येत नाही

लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवलेल्या विषाणूपासून बनते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, कर्करोगाचे उपचार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचा विकार किंवा ती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर लस सहसा देत नाहीत. गरोदरपणात शक्यतो टाळतात. साठीच्या पुढे पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. तो दुर्मीळ असला तरी खरा आहे, म्हणून मुलाकडे युगांडातल्या कंपालाला निघालेल्या आई-वडिलांनी आधी घरच्या डॉक्टरांशी बोलावं आणि रिपोर्ट सोबत घेऊन केंद्रावर जावं. "काही विचारलं तर सांगू नका, उगाच लस नाकारतील" असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. हे प्रश्न तुमच्या जिवासाठी विचारलेले असतात.

अशा वेळी केंद्राचे डॉक्टर कारणासह वैद्यकीय सूटपत्र देऊ शकतात. पण ते मानायचं की नाही हे समोरचा देश ठरवतो, आणि भारतात परतल्यावरही ते दाखवून विलगीकरण टळेलच असं नाही. जाण्याआधी त्या देशाच्या दूतावासाला लेखी विचारा आणि परतीनंतरचे सहा दिवस मोकळे ठेवा.

सगळ्यात अवघड अवस्था सात-आठ महिन्यांच्या बाळाची. भारताचा नियम विलगीकरणातून सूट देतो ती सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांना, आणि लस देतात साधारण नऊ महिने पूर्ण झाल्यावर. मधल्या वयाच्या बाळाकडे जे प्रमाणपत्र असूच शकत नाही, त्याच्या अभावी त्याला अडवता येतं. शिवाय नऊ महिन्यांपेक्षा लहान बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही शक्यतो लस देत नाहीत, म्हणजे दोघंही एकदमच कोंडीत. नियम लिहिणाऱ्यांना हे तीन महिने दिसले नसतील का, हा प्रश्न प्रत्येक तरुण आई विचारते आणि तो रास्त आहे. तोवर सल्ला एवढाच: शक्य असेल तर बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत प्रवास पुढे ढकला. नसेल तर तिकिटाआधी विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याला लेखी विचारून उत्तर जवळ ठेवा.

जुनं कार्ड असेल तर

पूर्वी हे प्रमाणपत्र दहा वर्षं चालायचं. 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभरासाठी वैध झालं, आणि त्याआधी दिलेल्या कार्डांनाही हे लागू आहे. 2009 च्या कार्डावर मुदत 2019 पर्यंत लिहिली असली तरी ते चालतं, त्यावर काही बदलून घ्यायची गरज नाही. तरीही "मुदत संपली, पुन्हा टोचून घे" असं खलाशांना आजही सांगितलं जातं. अशा वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या या बदलाची छापील प्रत पुढे करा.

पासपोर्ट बदलला तर कार्डावरचा क्रमांक जुनाच राहतो, तेव्हा रद्द झालेला पासपोर्टही सोबत बाळगा. कार्ड मिळाल्या दिवशीच दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. हरवलं तर दुसरी प्रत लस घेतलेल्या केंद्रातूनच मिळते, आणि तिथे पहिला प्रश्न लसीची तारीख आणि बॅच क्रमांक काय हाच असतो.