पार्श्वभूमी: स्वतःच्या पेशी की स्टॉकमधल्या? यामानाका आणि आयपीएसचा सगळ्यात वादाचा निर्णय

पार्किन्सनवरच्या आयपीएस उपचाराला (आयपीएस म्हणजे शरीरातली साधी पेशी मागे नेऊन बनवलेली, कुठल्याही प्रकारच्या पेशीत बदलू शकणारी पेशी) परवानगी मिळावी म्हणून जपानमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये अर्ज गेला, त्याच्या चार महिने आधी हृदयावर लावायच्या आयपीएस शीटचाही गेला होता, आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे जी बातम्यांमध्ये नीट येत नाही. या पेशी पेशंटच्या स्वतःच्या नाहीत, दुसऱ्याच कुणाच्या तरी आहेत. आता ज्यांनी २०१२ च्या नोबेलच्या वेळचे लेख वाचलेत त्यांना लगेच खटकेल, कारण तेव्हा सगळीकडे हेच छापून आलं होतं की पेशंटच्या कातडीचा तुकडा घ्यायचा, त्यातून त्याच्याच पेशी बनवायच्या, शरीर नाकारायचा प्रश्नच नाही. मग मध्ये झालं काय? ते समजायला आयपीएस पेशी पहिल्यांदा बनवून ते नोबेल मिळवणाऱ्या शिन्या यामानाकांचं करिअर थोडं मागून बघावं लागतं, पण खरा गुंता २०१३ नंतरचाच आहे, त्यामुळे मागचं पटकन सांगतो.

यामानाका १९६२ चे, ओसाकाकडचे. वडिलांचा शिलाई मशीनचे पार्ट बनवायचा छोटा कारखाना होता. १९८७ ला कोबेमधून डॉक्टर झाले आणि ऑर्थोपेडिक सर्जन व्हायला गेले, पण ऑपरेशनमध्ये हात इतका हळू चालायचा की सीनियर लोक त्यांना यामानाकाऐवजी ‘जामानाका’ म्हणायचे, जपानीत जामा म्हणजे अडथळा. त्याच काळात वडील गेले. कारखान्यात जखम झाली होती, रक्त द्यावं लागलं आणि त्यातून हेपॅटायटिस सी झाला. तो व्हायरस ओळखला गेला १९८९ ला, आणि तो पुरता बरा करणारी गोळी बाजारात आली २०१४ ला. हे पंचवीस वर्षांचं अंतर यामानाका भाषणांमधून पुन्हा पुन्हा सांगतात, आणि मला वाटतं पुढचा त्यांचा स्टॉकचा, म्हणजे दुसऱ्यांच्या पेशी आधीच बनवून ठेवायचा निर्णय समजून घ्यायचा असेल तर हेच लक्षात ठेवलं पाहिजे, कारण ज्याने आपल्या माणसाला औषध यायच्या आधी गमावलंय तो ‘शास्त्राला वेळ लागतोच’ असं म्हणून शांत बसत नाही.

मग सर्जरी सोडून रिसर्च, १९९३ ला सॅन फ्रान्सिस्को. तिथे एक जीन उंदराच्या लिव्हरमध्ये जास्त चालवला तर कोलेस्टेरॉल कमी होईल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात उंदरांना लिव्हरचा कॅन्सर झाला. त्याचं कारण शोधताना नवा जीन सापडला, आणि तो जीन काढून टाकलेल्या एम्ब्रियॉनिक स्टेम सेल (भ्रूणातून काढलेल्या, कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशी) नीट वेगवेगळ्या पेशींमध्ये बदलतच नाहीत हे दिसलं. म्हणजे कोलेस्टेरॉलवरून माणूस स्टेम सेलवर आला तो असा. १९९६ ला जपानला परतल्यावर मात्र हाल झाले, फंडिंग नाही, बोलायला कुणी नाही, उंदरांचे पिंजरे स्वतः साफ करायचे, आणि औषधाशी संबंधित काहीतरी कर असे सल्ले ऐकायचे. रिसर्च सोडून परत ऑर्थोपेडिकला जायच्या बेतात होते. दोन गोष्टींनी वाचवलं, १९९८ ला विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसननी मानवी एम्ब्रियॉनिक स्टेम सेल वाढवल्या आणि १९९९ च्या शेवटी नारामध्ये स्वतःची लॅब मिळाली.

एम्ब्रियॉनिक पेशींचा नैतिक वाद त्या वेळी किती तापला होता ते आता विसरायला होतं. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ठरवलं की त्या तारखेआधी बनलेल्या सेल लाइन्सवरच (म्हणजे एकाच मूळ पेशींपासून लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवरच) सरकारी पैसा मिळेल, आणि मग जगभरातून जी यादी निघाली त्यात मुंबईच्या एका खासगी कंपनीच्या ७ आणि बंगळुरूच्या एका संस्थेच्या ३ लाइन्स होत्या. आपल्याकडच्या पेपरांतही तेव्हा हा विषय गाजला होता. भ्रूणाला हात न लावता तशीच पेशी बनवायची ही नाराच्या लॅबची दिशा या वातावरणातली आहे.

२००६ चं काम बहुतेकांना माहीत आहे त्यामुळे थोडक्यात. २४ जीन निवडले, एकेकाने काही होईना, मग इंजिनिअरिंगकडून बायोलॉजीत आलेल्या एका विद्यार्थ्याने सगळे २४ उंदराच्या कातडीच्या पेशींत एकदम टाकले, वसाहती उगवल्या, मग एकेक वगळत वगळत चार उरले. पेशी बदलली की नाही हे ओळखायला जो उंदीर वापरला तो आधीच्या एका प्रयोगातला, एक जीन काढूनही त्याला काहीच झालं नव्हतं म्हणून जवळपास वाया गेलेला, त्याचाच इथे उपयोग झाला. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण कोरियातला क्लोन केलेल्या स्टेम सेलचा मोठा दावा बनावट निघाला होता, त्यामुळे कुणी विश्वास ठेवणार नाही या काळजीने सगळं पुन्हा पुन्हा तपासून मगच ऑगस्ट २००६ ला पेपर छापला. नोव्हेंबर २००७ ला माणसाच्या पेशींवर, थॉमसन यांच्या टीमचा पेपरही त्याच दिवशी. २०१२ ला नोबेल, जॉन गर्डन यांच्याबरोबर, ज्यांचा बेडकांवरचा मूळ पेपर १९६२ चा म्हणजे यामानाकांच्या जन्मवर्षाचाच.

पण एक गोष्ट थोडक्यात सोडून चालणार नाही. त्या चार जीनपैकी सी-मिक हा कॅन्सरशी संबंधित जीन, आणि २००७ च्या उंदरांमध्ये आयपीएसपासून तयार झालेल्या पिलांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला गाठी झाल्या. हे त्यांच्याच लॅबने छापलं, लपवलं नाही. पुढे पद्धत बदलली, जीन पेशीत टाकायला व्हायरस वापरणं बंद केलं, पण ‘गाठ होईल का’ हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटला तो चिकटलाच.

आता मूळ मुद्दा.

१२ सप्टेंबर २०१४ ला कोबेमध्ये सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच कातडीपासून बनवलेला रेटिनाच्या मागचा पेशींचा थर बसवला. आजार मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे रेटिनाचा मधला भाग हळूहळू खराब होणं. जगातलं पहिलं आयपीएस ऑपरेशन. नजर सुधारली नाही पण अजून खालावलीही नाही, गाठ नाही, नाकारणं नाही, म्हणजे सुरक्षिततेची परीक्षा पास. पण कातडी घेतल्यापासून ऑपरेशनपर्यंत जवळजवळ दहा महिने गेले आणि खर्च साधारण १० कोटी येन, एका पेशंटचा. आणि दुसऱ्या पेशंटच्या वेळी पेशी तयार झाल्यावर जीनोम तपासला तर त्यात असे बदल दिसले जे त्याच्या मूळ पेशींमध्ये नव्हते. त्याने गाठ झालीच असती असं नाही, होणार नाही असंही कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. २०१५ मध्ये ती ट्रायल तिथेच थांबवली.

थांबवणं बरोबर होतं असंच मला वाटतं, यावर दोन मतं आहेत तरी. काही तज्ज्ञांचं म्हणणं होतं की इतके बारीक बदल आपल्या शरीरात रोज होत असतात आणि रेटिनाच्या या पेशींमध्ये गाठ व्हायची शक्यता मुळातच कमी. असेल. पण आदल्याच वर्षी, हे डोळ्याचं काम जिथे चाललं होतं त्या कोबेच्या सेंटरमधूनच आम्लात बुडवून स्टेम सेल बनवायचा दावा आला होता, जानेवारीत छापला, जुलैमध्ये पेपर मागे घेतले, सगळी अब्रू गेली, त्यानंतर लगेच एका पेशंटला काही झालं असतं तर आयपीएसचं दार वीस वर्षं बंद झालं असतं.

दुसरीकडे क्योटोमध्ये यामानाकांनी २०१३ पासूनच दुसरा रस्ता धरला होता, आयपीएस स्टॉक. कल्पना अशी: आपल्या प्रत्येकाकडे एचएलएचे, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचे, दोन संच असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, आणि शरीर परकं कोण ते यावरून ओळखतं. काही थोड्या लोकांना दोन्हीकडून एकच संच आलेला असतो. अशा माणसाच्या पेशी, ज्याच्याकडे तो संच एकदा जरी असेल त्या कुणालाही बऱ्यापैकी चालतात, ओ निगेटिव्ह रक्ताच्या जवळ जाणारा प्रकार. असे डोनर हजारोंमधून शोधायचे, त्यांच्या पेशी एकदाच नीट बनवून तपासून ठेवायच्या, आणि लागेल त्याला लगेच द्यायच्या. १४० डोनर मिळाले तर ९० टक्के जपान कव्हर होतो असा हिशोब होता. जपानी लोकांत एचएलएची विविधता तुलनेने कमी म्हणून एवढ्यात भागतं, आपल्या देशाला हाच हिशोब लावला तर आकडा कितीतरी वर जाईल.

टीका दोन्हीकडून झाली आणि ती समजून घेण्यासारखी आहे. एक गट म्हणतो, आयपीएसचा सगळा फायदाच स्वतःच्या पेशी हा होता, तोच सोडला तर मग भ्रूणाच्या पेशींपेक्षा वेगळं काय उरलं? पार्किन्सनच्या क्योटोच्या ट्रायलमध्ये सगळ्या सात पेशंटना टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायचं औषध, वर्षभराहून जास्त द्यावं लागलं. पेपरांतल्या ‘क्रांती’च्या बातम्यांमध्ये हे कुठेतरी शेवटच्या ओळीत असतं, आणि ते पहिल्या परिच्छेदात पाहिजे. दुसरी बाजू अशी की २०१७ पासून कोबेलाच पाच जणांच्या डोळ्यात स्टॉकच्या पेशी घातल्या, एचएलए जुळवून, आणि तोंडाने घ्यायची तसली औषधं न देता चाललं, एकालाच सौम्य रिअॅक्शन झाली. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती, डोळ्यात तरी.

पण १४० चा आकडा काही गाठला गेला नाही. डोनर शोधणं फार कष्टाचं निघालं. २०१७ च्या जानेवारीत एका रिएजंटच्या (पेशी बनवताना वापरायच्या रसायनाच्या) घोळाच्या शंकेने काही पेशींचा पुरवठाच थांबवावा लागला. शेवटी ७ डोनर, २७ लाइन्स, साधारण ४० टक्के जपान. मग २०१९ मध्ये क्योटोनेच जीन एडिटिंगचा मार्ग काढला, एचएलएचा बराचसा भाग काढून टाकायचा, एक प्रकार ठेवायचा कारण तोही काढला तर शरीरातल्या नॅचरल किलर पेशी हल्ला करतात. अशा १२ लाइन्समध्ये जगातले ९० टक्क्यांहून जास्त लोक कव्हर होतील असा अंदाज त्यांनी मांडला.

आणि नेमकं त्याच वर्षी सरकारी अधिकाऱ्यांनी स्टॉकचं फंडिंग बंद करायचं घाटलं. २०१३ ला दहा वर्षांत ११,००० कोटी येन रीजनरेटिव्ह मेडिसिनला, म्हणजे शरीराचे खराब झालेले भाग पेशींनी पुन्हा घडवायच्या उपचारांना, देऊ असं कबूल केलं होतं, त्यातले वर्षाला साधारण १०० कोटी येन स्टॉकला जायचे, तेच शून्यावर आणायचं. कंपन्यांना स्टॉकमध्ये रस नाही, त्या आपापल्या पेशी बनवताहेत, असं कारण. नोव्हेंबरमध्ये यामानाका पत्रकारांसमोर आले आणि बंद दाराआड असा निर्णय होणं योग्य नाही असं उघड बोलले. एरवी इतका सौम्य माणूस, त्यामुळे खळबळ माजली, आणि डिसेंबरमध्ये सरकारने माघार घेतली. अधिकाऱ्यांची बाजू अगदीच फालतू होती असं नाही, पण सात वर्षं ज्याच्या जिवावर ट्रायल्स उभ्या केल्या तो पाया मध्येच काढून घेणं हे मला कुठल्याही हिशोबात बसत नाही. यामानाकांच्या क्योटोच्या ज्या सेंटरमधला बहुतेक स्टाफ ठरावीक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवर, जिथे डायरेक्टर स्वतः मॅरेथॉन पळून देणग्या गोळा करतो, तिथे शंभर कोटी येन गेले म्हणजे माणसं गेली.

यातून स्टॉकचं काम एका वेगळ्या फाउंडेशनकडे गेलं, एप्रिल २०२० पासून. यामानाकांनी मार्च २०२२ ला सेंटरचं डायरेक्टरपद सोडलं, आणि पुन्हा बेसिक रिसर्चला वेळ द्यायला लागले, त्यातही सॅन फ्रान्सिस्कोला सापडलेला तो जुना जीन आहेच.

पार्किन्सनचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये छापून आले. सात पेशंट, दोन वर्षं, एकालाही गाठ नाही. परिणाम मोजलेल्या सहापैकी चार जण औषध न घेतलेल्या अवस्थेत आधीपेक्षा बरे. तुलनेला दुसरा गट नव्हता, हे विसरू नका. आणि जपानच्या २०१४ च्या कायद्यात सुरक्षित वाटलं आणि उपयोगाची शक्यता दिसली की अटींवर मंजुरी मिळते, जास्तीत जास्त ७ वर्षं, त्यात पुरावा आणायचा. याच रस्त्याने २०१५ ला मंजूर झालेली, पेशंटच्या मांडीच्या स्नायूपासून बनवलेली हृदयाची शीट २०२४ मध्ये पुरेसा उपयोग दिसला नाही म्हणून बाद झाली. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ‘स्टेम सेल थेरपी’च्या जाहिराती बघून विचारणाऱ्यांनी हे जरूर बघावं, कारण आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण वगैरे सोडलं तर बाकी सगळं अजून ट्रायलमध्येच करायचं आहे, पैसे घेऊन विकायचं नाही.

आणि स्वतःच्या पेशींचं काय? तो विषय सोडून दिलेला नाही. ओसाकामध्ये फाउंडेशनने बंद मशीनमध्ये, माणसाचा हात न लागता, प्रत्येकाच्या आयपीएस पेशी बनवायचं काम चालू केलंय, कपड्यांच्या दुकानांची मोठी साखळी उभारणाऱ्या एका उद्योजकाच्या देणगीचा त्यात मोठा वाटा आहे, आणि टार्गेट माणशी १० लाख येन. २०१४ च्या १० कोटींशी हा आकडा थेट ताडता येणार नाही, कारण त्यात पुढचा थर बनवायचा, तपासायचा सगळा खर्च होता. पण पेशी बनवण्याचा टप्पा एवढ्यात आला तर स्टॉक की स्वतःच्या हा वाद आजाराप्रमाणे ठरवता येईल, मणक्याला मार लागलेल्याला आठवड्यांत पेशी पाहिजेत तिथे स्टॉक, आणि हळू वाढणाऱ्या आजारात जिथे वर्षभर थांबता येतं तिथे ज्याच्या त्याच्या.