गाव सोडून गेलेली टीम आणि 'आपण' नावाचं सर्वनाम

जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा विजेता ठरला. सकाळी बातमी वाचली आणि बेलव्ह्यूच्या आतेभावाला फोन लावला. तो १९९५ पासून सिएटल परिसरात आहे आणि हाच संघ २००८ पर्यंत 'सिएटल सुपरसॉनिक्स' या नावाने तिथे खेळायचा, एवढं मला माहीत होतं.

"दादा, अभिनंदन! तुमची टीम जिंकली."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "ती त्यांची टीम रे. आपली २००८ लाच संपली."

कागदोपत्री दादा चुकतोय. एनबीएच्या हिशेबात थंडरचं हे दुसरं विजेतेपद आहे. पहिलं १९७९ चं, सिएटलने मिळवलेलं. लीगमध्ये खेळायचा परवाना तोच, मालकीची साखळी अखंड. तरीही १९७९ ची ट्रॉफी ओक्लाहोमात नाही, ती सिएटलच्या इतिहास आणि उद्योग संग्रहालयात आहे. मालक बदलला, गाव बदललं, खेळाडू तर बदलतच असतात. मग टीम म्हणजे नेमकं काय, आणि ती निघून गेली की तिचा चाहता कोणाच्या मागे जातो? सामाजिक मानसशास्त्रात याचं बरंच उत्तर सापडतं, आणि त्यातला एक प्रयोग माझा फार लाडका आहे.

आधी घडलं काय ते थोडक्यात. २००६ मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी हा संघ ३५ कोटी डॉलर्सना क्ले बेनेट यांच्या ओक्लाहोमाच्या गटाला विकला. नव्या स्टेडियमसाठी सरकारी पैसा द्यायला सिएटलकर राजी नव्हते. प्रकरण कोर्टात गेलं आणि जुलै २००८ मध्ये तडजोड झाली. शहराला साडेचार कोटी डॉलर्स मिळाले, शिवाय सॉनिक्स हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिएटलकडेच राहिला. खेळाडू आणि परवाना मात्र सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर गेला.

आता तो प्रयोग. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवात अगदी साधी. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत, शनिवारी अमेरिकन फुटबॉलची मॅच झाली की सोमवारी वर्गात बसून मोजायचं, की किती विद्यार्थ्यांच्या अंगावर विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे आहेत. मॅच जिंकलेली असेल तर असे कपडे जास्त दिसायचे. मुलांनी स्वतः चेंडूला हातही लावलेला नसतो, पण चंद्र जसा सूर्याच्या उजेडावर चमकतो तशी ही परप्रकाशी चमक.

खरी गंमत पुढच्या टप्प्यात आहे. विद्यार्थ्यांना फोन करून विद्यापीठातल्या जीवनाबद्दल सहा प्रश्न विचारले. उत्तरं कशीही असोत, काहींना सांगितलं की तुम्ही छान केलंत आणि काहींना सांगितलं की तुमचं फारच कमी बरोबर आलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "अमुक मॅचचं काय झालं?" संशोधकांचं लक्ष निकालाकडे नव्हतंच. ते ऐकत होते एक सर्वनाम. जिंकलेल्या मॅचबद्दल मुलं 'वी वन' म्हणत, हरलेल्या मॅचबद्दल 'दे लॉस्ट' कडे कल. आणि हा फरक ठळक दिसला तो नुकतंच ज्यांना 'तुमचं चुकलं' असं सांगितलं होतं त्यांच्यात. ज्यांना शाबासकी मिळाली होती त्यांच्यात तो जवळजवळ नव्हता. म्हणजे 'आम्ही जिंकलो' हे वाक्य नुसती माहिती देत नाही, ते खचलेल्या मनाला टेकू देतं. टीमचा विजय आपण उसना घेतो, आणि जेव्हा आपल्याकडे स्वतःचं काही कमी असतं तेव्हा जास्त घेतो.

हे वाचताना मला दर वेळी वाटतं की हा प्रयोग मराठीत व्हायला हवा. इंग्रजीतल्या 'वी'मध्ये दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत. तेलुगू, तमिळ, गुजरातीतही हा भेद आहे. 'आम्ही जिंकलो' ही फुशारकी असू शकते, 'आपण जिंकलो' हे आमंत्रण आहे. माझ्या मते टीमचं चाहतेपण या दुसऱ्या सर्वनामावर उभं असतं.

दादाचंच बघा. १९९६ च्या जूनमध्ये त्याला तिथे जाऊन वर्षही झालं नव्हतं. सॉनिक्स अंतिम फेरीत मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सविरुद्ध खेळत होते. ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाने त्याला विचारलं, "थिंक वी कॅन विन टुनाइट?" दादाला बास्केटबॉलचे नियमही धड माहीत नव्हते. पण त्या 'वी'मध्ये आपण आत आहोत हे त्याला कळलं, आणि त्याच संध्याकाळी त्याने हिरवी टोपी विकत घेतली. सॉनिक्स ती मालिका ४-२ ने हरले. टोपी अजून त्याच्या दाराशी खुंटीला आहे, शिवणीपाशी घामाने पांढुरकी झालेली.

इतक्या पटकन माणूस आत कसा येतो? हेन्री ताजफेल या पोलंडमध्ये जन्मलेल्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मुलांना दोन चित्रकारांची, पॉल क्ले आणि कँडिन्स्की यांची चित्रं दाखवली आणि त्यांच्या आवडीनुसार आपण दोन गट पाडतोय असं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. मग प्रत्येकाने नाव माहीत नसलेल्या दोन मुलांना पैसे वाटायचे, एक आपल्या गटातला, एक दुसऱ्या गटातला. पर्यायांची रांग अशी, की एका टोकाला आपल्या गटातल्याला ७ आणि समोरच्याला १, दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला १९ आणि समोरच्याला २५. १९ घेण्यात आपल्या गटाचा फायदा उघड आहे. तरी कल अशा पर्यायांकडे होता जिथे आपल्या गटाला कमी मिळालं तरी समोरच्यापेक्षा जास्त मिळेल. ना ओळख, ना स्वार्थ, ना जुनं वैर, नुसतं गटाचं लेबल पुरलं. 'टीमवरचं प्रेम रक्तातच असतं' असं जाहिरातवाले सांगतात त्याला या प्रयोगाने सुरुंग लागतो. रक्ताचा इथे संबंधच नाही.

पण लेबल इतकं सहज लागतं, तर मग थंडरचं लेबल दादाला का लागलं नाही? कारण कुंपण कुठे घालायचं हे प्रसंग ठरवतो. मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे दाखवलं. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या क्लबबद्दलच्या प्रेमाविषयी लिहायला लावलं. मग दुसऱ्या इमारतीकडे जाताना त्यांच्यासमोर धावणारा एक माणूस घसरून पडतो आणि घोटा धरून विव्हळतो. अंगात युनायटेडची जर्सी असेल तर मदत मिळे. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलची किंवा साधी असेल तर फार कमी. दुसऱ्या वेळी लिहायचा विषय बदलला, 'फुटबॉलचा चाहता असणं'. आता लिव्हरपूलच्या जर्सीवाल्यालाही जवळजवळ तितकीच मदत मिळाली. माणसं त्याच क्लबची, कुंपण फक्त थोडं बाहेर सरकलेलं.

सिएटलमध्ये २००८ साली कुंपण आत सरकलं. जो संघ 'आपण' होता तो एका तडजोडीत 'ते' झाला, आणि ज्याने आपल्याला सोडलं तो 'ते' सगळ्यात दूरचा. काही जण पावणेतीनशे किलोमीटरवरच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे, पोर्टलंडकडे वळले. काहींनी एनबीए पाहणंच सोडलं, दादा त्यातला. आणि काही जण खेळाडूंच्या मागे गेले. केविन ड्युरांट सिएटलमध्ये एकच हंगाम खेळला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो दुसऱ्याच संघातून तिथे एका सराव सामन्यासाठी आला आणि वरचं जाकीट काढलं तर आत सॉनिक्सचा जुना खेळाडू शॉन केम्प याची जर्सी. सगळं कीअरिना स्टेडियम उठून उभं राहिलं.

ओक्लाहोमाची बाजूही समजून घ्यायला हवी. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा संघ दोन हंगाम तिथे आसऱ्याला होता, त्यामुळे स्टेडियम भरायची सवय शहराला आधीच लागली होती. २००८ च्या पहिल्या हंगामात थंडर ५९ सामने हरले, जिंकले फक्त २३, तरी लोकांनी पाठ फिरवली नाही. १९९५ च्या बॉम्बस्फोटात या शहरात १६८ माणसं मेली. संघात नवा खेळाडू आला की त्याला त्या स्मारकाला नेतात. नवा 'आपण' इतक्या जाणीवपूर्वक बांधलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

आणि तो 'सिएटलचा शाप'! २०१२ मध्ये थंडर अंतिम फेरीत मायामीकडून हरले, नंतर बरीच वर्षं काही जिंकले नाहीत, तेव्हा दादाच्या मित्रांत शापाची चर्चा असायची. संघ तीस, विजेता दरवर्षी एक. सगळ्यांना समान संधी धरली तरी एखाद्या संघाचे सोळा हंगाम कोरडे जाण्याची शक्यता ५८ टक्के निघते. शापाची गरजच नाही. सचिन खेळत असताना जागेवरून न उठणारे आपण सगळेच आहोत, पण तो चेंडूपर्यंत पोचणारा उपाय नव्हता.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर पुण्याचं बालेवाडी स्टेडियम आठवा. २०१९ मध्ये तिथला फुटबॉल संघ एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला, बरेचसे खेळाडू तेच घेऊन. मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादने अंतिम सामन्यात पेनल्टीवर केरळला हरवून इंडियन सुपर लीगचं विजेतेपद मिळवलं. मी बालेवाडीला मॅच पाहिलेल्या आहेत. तरीही त्या रात्री टीव्हीसमोर बसून 'आपण जिंकलो' असं एकदाही तोंडातून आलं नाही.

दादाला मी शेवटी एक अवघड प्रश्न विचारला. २०१३ मध्ये सिएटलच्या काही धनिकांनी सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ विकत घेऊन सिएटलला आणायचा घाट घातला होता. लीगमधल्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी तो हाणून पाडला. म्हणजे जे आपल्यावर झालं तेच दुसऱ्या गावावर करायला सिएटल निघालं होतं. "तू पाहिली असतीस ती टीम?"

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नाव सॉनिक्स ठेवणार होते. जर्सी हिरवीच असणार होती." आणि थोड्या वेळाने, "सॅक्रामेंटोमध्येही कुणाच्या तरी दाराशी टोपी असेलच ना रे."