सिंगल कास्क व्हिस्की : कोवळ्या वयातील पिंपांची तुलना

एकाच पिंपातली, दुसऱ्या पिंपातला थेंबही न मिसळता बाटलीबंद केलेली व्हिस्की म्हणजे सिंगल कास्क. सिंगल माल्टशी तिची नेहमी गल्लत होते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. सिंगल माल्टमधले ‘सिंगल’ डिस्टिलरीला, म्हणजे मद्य गाळणाऱ्या कारखान्याला लागू पडते. एकाच डिस्टिलरीतली शेकडो पिंपे एकत्र ओतली तरी ती सिंगल माल्टच राहते. सिंगल कास्कच्या लेबलावर बहुधा पिंपाचा क्रमांक, पिंप भरल्याची आणि रिकामे केल्याची तारीख, पिंपाचा प्रकार आणि निघालेल्या बाटल्यांची संख्या छापलेली असते. तीन ते सहा-सात वर्षांच्या अशा बाटल्या शेजारी ठेवून लाकडाने काय केले ते ताडून पाहणे हा शौकिनांचा आवडता उद्योग आहे. त्यासाठी कोवळे वयच बरे, कारण मूळ मद्याचा स्वभाव अजून झाकलेला नसतो आणि लाकडाची भर वेगळी ओळखू येते.

स्कॉटलंडच्या २००९ च्या नियमांप्रमाणे स्कॉच किमान तीन वर्षे, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच मुरावी लागते. पाणी आणि रंगापुरते साधे कॅरमेल सोडून तिच्यात काही घालता येत नाही. त्यामुळे चवीच्या फरकाचा बराच भार पिंपावर येतो.

स्कॉटलंडच्या आयला बेटावरची किलहोमन ही डिस्टिलरी अशा तुलनेसाठी सोयीची आहे. त्या बेटावर १२४ वर्षांनी उभी राहिलेली ही पहिली नवी डिस्टिलरी. तिने डिसेंबर २००५ मध्ये गाळप सुरू केले आणि २००९ मध्ये तीन वर्षांची पहिली व्हिस्की विकायला काढली. जुना साठा नव्हताच, म्हणून कोवळी सिंगल कास्क ही तिची ओळख बनली. मात्र इथेही एक मेख आहे. बेटावरच्या पोर्ट एलनच्या माल्ट कारखान्यातून येणारे माल्ट सुमारे ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) फिनॉलचे, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या द्रव्याचे, तर स्वतःच्या शेतातल्या बार्लीचे माल्ट २० च्या आसपास. दोन बाटल्यांतले माल्टच वेगळे असेल, तर धुराच्या वासातला फरक पिंपाच्या खात्यावर टाकणे चूक.

बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपापासून सुरुवात करणे उत्तम. अमेरिकी कायद्याने बर्बन आतून जाळलेल्या कोऱ्या ओकमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली सुमारे २०० लिटरची पिंपे जगभर विक्रीला निघतात. अमेरिकी पांढऱ्या ओकमधून व्हॅनिला येतो, लाकडातल्या लॅक्टोन या द्रव्यामुळे ओल्या नारळाचा वास येतो आणि जळलेला कोळशाचा थर नव्या मद्यातला गंधकाचा वास शोषून घेतो. पाच वर्षांच्या अशा व्हिस्कीचा रंग फिका, वाळलेल्या गवतासारखा असतो. नाकाला नारळाची वडी, पिकलेले केळे आणि त्यामागून बार्लीचा कच्चा, पिठाळ वास लागतो. हा पिठाळपणा दोष मानणारे पुष्कळ आहेत. तुलना करणाऱ्याला तोच हवा असतो.

शेरीच्या, म्हणजे स्पेनच्या कडक वाइनच्या, पिंपाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे स्वस्तात मिळत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याची सक्ती झाली आणि ती वाट बंद झाली. आता बहुतेक पिंपे व्हिस्कीसाठीच बनवतात, वर्ष-दोन वर्षे ओलोरोसो ही गडद शेरी भरून ‘तयार’ करतात आणि मग रवाना करतात. चिनीमातीची बरणी धुतली की आधीच्या लोणच्याचा वास जातो. लाकूड मात्र काही लिटर शेरी पोटात धरून ठेवते. खारीक, काळ्या मनुका, अक्रोड आणि गडद तांबूस रंग तिथूनच येतात. युरोपीय ओक असेल तर टॅनिनचा कोऱ्या चहासारखा तुरटपणाही येतो. पण शेरीची पुष्कळ पिंपे अमेरिकी ओकचीच असतात, आणि लेबलावर हे क्वचितच लिहिलेले असते.

‘बर्बन’ आणि ‘शेरी’ या शब्दांआड अशा चार-पाच गोष्टी एकदम बदललेल्या असतात: लाकडाची जात, आधीचे मद्य, जाळण्याचे प्रमाण, पिंप कितव्यांदा भरले ते, आणि आकार. शेरीचे मोठे पिंप, म्हणजे बट, सुमारे ५०० लिटरचे. त्यात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श कमी, म्हणून मुरण्याचा वेग मंद. तिसऱ्यांदा भरलेले पिंप तर जवळजवळ मुकेच असते. पहिल्यांदा भरलेले बर्बनचे पिंप आणि तिसऱ्यांदा भरलेले शेरीचे बट समोरासमोर ठेवून ‘बर्बन जास्त गोड’ असा निकाल देणे व्यर्थ आहे.

वाइनच्या पिंपांमध्ये कोवळ्या व्हिस्कीला सर्वांत मानवले ते एसटीआर (शेव्ह, टोस्ट, री-चार). पिंप आतून तासायचे, शेकायचे आणि पुन्हा जाळायचे, ही ती पद्धत. व्हिस्कीचे सल्लागार डॉ. जिम स्वान यांनी ती रूढ केली. तैवानच्या कावालान डिस्टिलरीची अशा पिंपांतली व्हिस्की २०१५ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरली.

हवामानाने वयाचा अर्थच बदलतो. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिथल्या उकाड्यात हा वाटा आठ टक्क्यांच्या घरात जातो. २०० लिटरच्या पिंपात पाच वर्षांनी स्कॉटलंडमध्ये साधारण १८० लिटर उरतील, गोव्यात जेमतेम १३०. लाकडाचे कामही त्याच घाईने होते. म्हणून गोव्याची पाच वर्षांची आणि आयलाची पाच वर्षांची बाटली एकाच वयाची समजू नये.

प्रत्यक्ष चाखताना आधी मद्यार्काची तीव्रता समान करावी. सिंगल कास्क बहुधा पिंपातल्या तीव्रतेलाच भरतात, आणि ५६ टक्क्यांची व्हिस्की ६१ टक्क्यांच्या व्हिस्कीशेजारी उगाच मवाळ वाटते. ६० टक्क्यांच्या ३० मिलीत सुमारे ९ मिली पाणी घातले की ती ४६ वर येते. वर निमुळत्या होणाऱ्या ग्लासात ओतून दहा मिनिटे तशीच ठेवावी. क्रम बर्बनकडून शेरीकडे. उलट केले तर शेरीनंतर बर्बन पाणचट लागते. रंग दिसू नये म्हणून काही जण काळे ग्लास वापरतात. गडद म्हणजे जुनी आणि भारी, हा समज त्यात पहिल्या घोटालाच गळून पडतो.

एवढे करूनही तुलना दोन पिंपांचीच होते, दोन प्रकारांची नव्हे. एकाच दिवशी, एकाच मद्याने भरलेली आणि गोदामात शेजारी ठेवलेली दोन बर्बनची पिंपे पाच वर्षांनी वेगळी निघतात, कारण ती वेगवेगळ्या झाडांच्या फळ्यांची असतात.