निद्राद्रव्य

प्राणी जागा असताना मेंदूत किंवा मस्तिष्क-मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जू यांभोवतीच्या द्रवात) हळूहळू साचणारे, प्रमाण वाढल्यावर झोप आणणारे आणि झोपेत ओसरणारे रासायनिक द्रव्य. असे एकच द्रव्य असते हा जुना समज आता मागे पडला आहे. सध्या अ‍ॅडिनोसीन व प्रोस्टाग्लँडिन डी-२ ही प्रमुख निद्राद्रव्ये मानतात. हिस्टामीन, ओरेक्सिन ही जागृती टिकवणारी द्रव्ये या नोंदीत घेतलेली नाहीत.

कल्पनेच्या प्रायोगिक जनकत्वाचा मान बहुतेक पाश्चात्त्य ग्रंथ फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी प्येराँ यांना देतात. प्येराँ व रने लझाँद्र यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धापासून कुत्र्यांवर प्रयोग केले. सविस्तर मांडणी १९१३ मध्ये झाली. कुत्र्याला आडवे होता येऊ नये म्हणून दिवसा भिंतीशी आखूड बांधून ठेवत आणि रात्री पॅरिसच्या रस्त्यांवर फिरवत, असे वर्णन आढळते. अशा जागरणानंतर काढलेला मस्तिष्क-मेरुद्रव ताज्यातवान्या कुत्र्याच्या चौथ्या मस्तिष्कविवरात (मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीत) टोचला, की तोही झोपी जाई. या परिणामामागील घटकाला त्यांनी ‘हिप्नोटॉक्सिन’ म्हटले. दरम्यान जपानमधील नागोया येथे कुनिओमी इशिमोरी यांनी १९०९ मध्येच जागरण घडवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूचा अर्क झोप आणतो, असे प्रसिद्ध केले होते. लेख जपानी भाषेत असल्याने तो युरोपात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. दोन्ही कामे परस्परांपासून स्वतंत्र दिसतात. प्रयोग आधी कोणी सुरू केले हा वाद मिटणारा नाही. मात्र छापील पुराव्यापुरते बोलायचे तर इशिमोरींचा दावा अधिक भक्कम वाटतो.

प्येराँच्या पद्धतीवरील आक्षेप गंभीर होता. विवरात बाहेरून द्रव भरल्यास कवटीतील दाब व शरीराचे तापमान वाढते. श्नेडॉर्फ व आयव्ही यांनी १९३९ मध्ये प्रयोगाची पुनरावृत्ती केली तेव्हा काही कुत्री झोपली. पण दाब व तापमान या दोन्हींत वाढ आढळल्याने निष्कर्ष संशयास्पद ठरला. पुढे १९४९ मध्ये मोरुझ्झी व मॅगून यांनी मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या भागातील) जालिकामय रचना (तंत्रिकांचे जाळे) मेंदूला जागे ठेवते असे दाखवले. लक्ष तंत्रिकामार्गांकडे वळले आणि रासायनिक विचार बाजूला पडला.

त्याचे पुनरुज्जीवन १९६७ मध्ये हार्व्हर्ड येथील जॉन पापेनहायमर यांनी केले. जागरण घडवलेल्या शेळ्यांचा मस्तिष्क-मेरुद्रव मांजरांच्या मेंदूत सोडल्यावर त्यांची झोप वाढली. यातील ‘घटक एस’ पुरेसा मिळावा म्हणून अखेर हजारो लिटर मानवी मूत्र गाळावे लागले. १९८०च्या दशकारंभी तो म्युरामिल पेप्टाइड (पेप्टाइड म्हणजे अ‍ॅमिनो अम्लांची लहान साखळी) निघाला, म्हणजे जिवाणूंच्या कोशिकाभित्तीचा तुकडा! निद्राद्रव्याचा शोध यामुळे रोगप्रतिकारशास्त्राकडे वळला; संसर्गात प्राणी जास्त झोपतात, त्याचा उलगडा होण्यास याची मदत झाली. बाझेल येथील मोनिये यांच्या गटाने सशांच्या रक्तातून वेगळे केलेले नऊ अ‍ॅमिनो अम्लांचे पेप्टाइड (१९७७) एवढे फलदायी ठरले नाही.

अ‍ॅडिनोसीन मांजरांच्या मस्तिष्कविवरात दिल्यास झोपेसारखी स्थिती येते, हे फेल्डबर्ग व शेरवूड यांनी १९५४ मध्येच नोंदवले होते. निर्णायक मोजमाप १९९७ चे. पोर्का-हाइस्कानेन व सहकाऱ्यांनी मांजरांच्या अग्रमस्तिष्काच्या तळभागात बारीक नलिका बसवली आणि त्यांना खेळवून, हाताळून सहा तास जागे ठेवले. तेथील अ‍ॅडिनोसीन सुमारे दुप्पट झाले व झोप लागल्यावर सावकाश उतरले. कोशिका ऊर्जेसाठी एटीपी (ऊर्जा साठवणारे संयुग) खर्च करतात, त्यातून अ‍ॅडिनोसीन तयार होते. ते ए-१ ग्राहींमार्फत (ग्राही म्हणजे द्रव्याचा संदेश पकडणारे कोशिकेवरील प्रथिन) जागृतिकारक कोशिकांना शांत करते. चहा-कॉफीतील कॅफीन अ‍ॅडिनोसीनच्या ग्राही अडवते. ए-२ए (अ‍ॅडिनोसीनच्या ग्राहींचा आणखी एक प्रकार) ग्राही नसलेल्या उंदरांवर मात्र कॅफीनचा जागरणकारी परिणाम होत नाही (२००५).

प्रोस्टाग्लँडिन डी-२ वरील काम मुख्यतः ओसामू हायाइशी यांच्या गटाचे. ते घडवणारे विकर (एन्झाइम) मेंदूच्या आवरणांत असते आणि त्याचा परिणाम अखेर अ‍ॅडिनोसीनमार्फतच होतो, असे मत आहे.

तरीही अ‍ॅडिनोसीनवर सारा भार टाकता येत नाही. ए-१ ग्राही नसलेले उंदीरही जागरणानंतर झोपेची भरपाई करतात. फळमाशीतही अशी भरपाई होते व कॅफीनने तिची विश्रांती घटते (२०००), पण कीटकांतील रसायनांविषयी लेखन अजून तुटक आहे.

निद्राद्रव्य रक्तातून सर्वत्र पसरते, या मताविरुद्ध रक्ताभिसरण सामाईक असलेल्या सयामी जुळ्यांचा दाखला देतात; त्यांतील एक झोपलेले असताना दुसरे जागे राहू शकते. डॉल्फिनचा पुरावा अधिक नेमका आहे. त्याच्या मेंदूचा एक गोलार्ध झोपतो तेव्हा दुसरा जागा असतो (मुखामेतोव्ह, १९७७). पुढे एकाच गोलार्धाची झोप मोडण्याचे प्रयोग झाले, तेव्हा भरपाईची झोप मुख्यतः त्याच गोलार्धात दिसली.